बिऱ्हाड हलवताना मागे काय राहते?



होळी झाली, मुलांच्या परीक्षा आटोपल्या की आपल्या शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवर एक दृश्य रोज दिसू लागते. छोटा हत्ती नाहीतर टेम्पो, वर उलटी ठेवलेली खाट, खाटेच्या पायांत अडकवलेल्या बादल्या, मध्ये गुंडाळलेल्या गाद्या, आणि सगळ्यात मागे दोरीला धरून बसलेला घरातला एखादा पोरगा. कोणी गावातून आसनगाव-वाशिंदच्या खोलीत चाललेले असते, कोणाचे भाड्याचे अकरा महिने संपले म्हणून मुरबाडातच दोन गल्ल्या पलीकडे, कोणी कल्याण-बदलापूरला. पावसाच्या आत हलायचे म्हणून मे महिन्यात टेम्पो मिळता मिळत नाही. आज आपण या बिऱ्हाड हलवण्याबद्दलच बोलणार आहोत. पण टेम्पोत काय गेले यापेक्षा मागे काय राहिले, याकडे आपण जरा जास्त बघू.

मागे राहतो तो ढीग. रिकाम्या झालेल्या कोणत्याही घराच्या मागच्या दाराला जाऊन बघा. फाटकी गादी, पाय मोडलेली प्लास्टिकची खुर्ची, थर्माकोलचे तुकडे, दोन ट्यूबलाइट, एखादा बंद पडलेला टीव्ही, औषधांच्या अर्ध्या बाटल्या, चिंध्या, आणि बाथरूमची फुटकी फरशी. नगरपंचायतीच्या हद्दीत घंटागाडी येते, पण गादी आणि राडारोडा त्या गाडीत कुठे मावणार? पाड्यावर तर घंटागाडीही नाही. मग दोनच वाटा उरतात. एक ओढा, नाहीतर काडेपेटी.

ओढ्यात टाकलेले कुठे जाते, हे आपल्या भागात सांगावे लागू नये. शहापूर तालुका म्हणजे मुंबईची पाण्याची घागर. तानसा धरण १८९२ सालचे. पुढे वैतरणेवरची धरणे झाली, भातसा झाले. इकडे मुरबाडच्या बाजूला बारवीचे पाणी औद्योगिक वसाहतींना आणि शहरांना जाते. आणि एवढे पाणी उशाशी असून एप्रिल-मेमध्ये आपल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत असतात. ओढ्याकाठच्या विहिरीवर ज्यांचे उन्हाळ्याचे दोन महिने निघतात, त्या आपणच. ओढ्यात फेकलेल्या बॅटरीचे, ट्यूबलाइटचे, कीटकनाशकाच्या बाटलीचे पाणी आधी आपल्या विहिरीत उतरते, मुंबईला नंतर.

आणि जाळले तर? उघड्यावर कचरा जाळायला कायद्याने मनाई आहे, ते बाजूला ठेवू. थर्माकोल, रेक्झिन, वायरींची प्लास्टिकची साले जळताना जो काळा, घशाला लागणारा धूर निघतो, तो पहिल्यांदा घेते ती जाळणारी बाई आणि तिच्या कडेवरचे मूल. वायर किंवा पाइपसारखे क्लोरीन असलेले प्लास्टिक कमी आचेवर धुमसले की डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्ये तयार होतात. ती मातीत आणि गवतावर बसतात. ते गवत आपली जनावरे खातात.

गाडीचा धूर की फेकलेले सामान?

घर बदलताना पर्यावरण सांभाळायचे म्हटले की सगळ्यांच्या मनात आधी गाडी येते. गाडी महत्त्वाची आहे, पण ती पहिली नाही असे आमचे मत आहे. थोडा हिशोब करून पाहू.

एक लिटर डिझेल जळले की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मुरबाड ते कल्याण तीसेक किलोमीटर धरा. भरलेला छोटा टेम्पो लिटरला पंधरा किलोमीटर देतो असे धरले, तर जाऊन-येऊन चार लिटर डिझेल लागते, म्हणजे सुमारे ११ किलो वायू. सामान नीट न लावल्यामुळे दोन खेपा झाल्या तर २२ किलो.

आता दुसरीकडे बघा. एक किलो पोलाद तयार होताना साधारण दोन किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कधी त्याहून जास्त. घरातले साधे लोखंडी कपाट साठ किलोचे असेल, तर ‘नव्या घरात नवे कपाट’ म्हणून ते भंगारात घातल्यावर नव्या कपाटामागे १२० किलोच्या वर वायू जातो. म्हणजे टेम्पोच्या दहा-अकरा खेपांएवढा. जुने कपाट घासून, रंग देऊन, बिजागरीला तेल घालून नेले तर हा सगळा वाचतो. शिवाय जुन्या कपाटाचा पत्रा जाड असतो हे आपल्याला ठाऊक आहेच.

म्हणून बिऱ्हाडाचा खरा भार गाडीच्या धुरात कमी आणि आपण काय फेकतो, काय नवे विकत घेतो यात जास्त असतो. ‘जुने काही नेऊ नका, नव्या घरात सगळे नवे’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. जुना केरसुणीचा बुडखा नेऊ नये म्हणतात, त्याला आमची हरकत नाही, तो तसाही मातीत मिसळतो. पण तोच नियम सोफ्याला लावणारे सहसा फर्निचरच्या दुकानातच भेटतात.

मात्र जुने ते सगळे न्यायचेच, असेही नाही. जुना छताचा पंखा ७०-७५ वॅट वीज खातो. आता बीएलडीसी नावाचे पंखे येतात ते तिसाच्या आसपास खातात. दिवसाला बारा तास पंखा चालत असेल तर वर्षाला दीडशेच्या वर युनिट वाचतात. अशा ठिकाणी जुना पंखा सोडून द्यावा, तोही नुसता फेकून नव्हे. त्यातली तांब्याची तार आणि लोखंड पुन्हा वापरात येते. जुने पिवळे बल्ब तर न्यायचेच नाहीत. कपाट, पलंग, पाट, मांडणी, पितळ-तांबे न्या. वीज खाणाऱ्या वस्तूंचा मात्र एकेकीचा विचार करा.

फ्रिजची गोष्ट वेगळी

फ्रिजबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. फ्रिजच्या मागे किंवा आत एक छोटी पाटी असते. तिच्यावर आतल्या गॅसचे नाव आणि तो किती ग्रॅम आहे ते लिहिलेले असते. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-१३४ए नावाचा गॅस आहे. हा गॅस हवेत सुटला की तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे १,४०० पट उष्णता धरून ठेवतो. नुसते १०० ग्रॅम सुटले तरी १४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते. मघाचा हिशोब आठवा, हे पन्नासेक लिटर डिझेल जाळल्याएवढे झाले. आणि हे व्हायला काय लागते? फ्रिज आडवा-तिडवा ढकलताना मागची तांब्याची नळी चिरडली, की झाले. त्याहून जुन्या फ्रिजमध्ये आर-१२ असे. तो ओझोनचा थर विरळ करणारा, आणि उष्णतेत तर आणखी कितीतरी पट वाईट.

म्हणून फ्रिज उभाच न्यायचा. मागची बाजू गोधडीने झाकायची, दार सुतळीने नव्हे तर जुन्या साडीच्या पट्ट्याने बांधायचे, म्हणजे रंग जात नाही. एखाद्या वळणावर आडवा करावाच लागला, तर नव्या जागी नेऊन काही तास उभा ठेवून मगच चालू करायचा, कारण कॉम्प्रेसरमधले तेल नळीत गेलेले असते. नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए असतो. त्याची उष्णता धरण्याची ताकद फार थोडी आहे, पण तो पेट घेतो. त्यामुळे त्याच्या नळीजवळ विडी-काडी नको.

फ्रिज काढूनच टाकायचा असेल तर? भंगारवाला दारातच तांब्याची नळी कापतो आणि सगळा गॅस फुस्स करून निघून जातो. तसे होऊ देऊ नका. चालू असेल तर वापरणाऱ्याला विका. बंद असेल तर नवा घेताना दुकानदाराला बदल्यात द्या. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वापरून झालेल्या मालाची पुढची सोय लावण्याची जबाबदारी त्यांत वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. दुकानदाराला तसे विचारायला लाजायचे कारण नाही.

इन्व्हर्टरच्या बॅटरीचेही तेच. तिच्यात शिसे आणि आम्ल असते. जुनी बॅटरी दुकानात परत घेतात आणि तिचे पैसेही वजा करून देतात, म्हणून ती सहसा ओढ्यात जात नाही. तरी नेताना आडवी ठेवायची नाही. जुन्या डब्बा टीव्हीच्या काचेत शिसे असते, ती फोडू नये. ट्यूबलाइटमध्ये थोडासा पारा असतो. ती पोरांच्या हाती तलवार म्हणून देऊ नये, ज्या पुठ्ठ्यातून नवी आली त्याच पुठ्ठ्यात घालून वेगळी ठेवावी.

शेतीवाल्या घरात आणखी एक गोष्ट सापडते, माळ्यावरची कीटकनाशकाची बाटली. उरलेले औषध असेल तर ते नाव-चिठ्ठीसकट वापरणाऱ्या शेतकऱ्याला द्या, मोरीत ओतू नका. बाटली रिकामी असेल तर तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच घालायचे आणि बाटलीला भोक पाडायचे, म्हणजे पुढे कोणी तिच्यात तेल-रॉकेल भरणार नाही.

बांधायचे कशात?

आता बांधाबांध. शहरात यासाठी बबल रॅप, थर्माकोल, चिकटपट्टीचे रीळच्या रीळ आणि कोरी पुठ्ठ्याची खोकी विकत घेतात, आणि आठवड्यात सगळे कचऱ्यात. आपल्याकडे तो खर्च करायची गरज नाही. भाताचा प्रदेश आपला, पेंढा दारात आहे. कौले, काचेच्या बरण्या, चिनी मातीची लोणच्याची बरणी आपल्या आज्या पेंढ्यातच नेत होत्या. थर्माकोल तरी वेगळे काय करतो? त्यात जवळजवळ सगळी हवाच असते आणि पेंढ्याच्या पोकळ काड्यांतही हवाच. पेंढा मात्र पूर्ण वाळलेला हवा, नाहीतर वाफ धरून डाग पडतात. आणि त्यात एखादी बरणी फुटली तर तो पेंढा जनावरापुढे टाकायचा नाही, काच पोटात जाईल. तो सरळ खतात.

भांड्यांना भांडीच सांभाळतात. उतरंड मोडून एकात एक घाला, मधे जुन्या साडीचा तुकडा. डबे रिकामे कशाला न्यायचे? डाळ, मसाले, चमचे, देवाच्या मूर्ती डब्यातच बसतात. पितळी हंड्यात उशा जातात. बालद्यांत चपला. गाद्यांच्या वळकटीत आरसा. ज्यांच्याकडे म्हशाच्या जत्रेतून आणलेले घोंगडे असेल त्यांनी ते कपाटाच्या आरशाभोवती गुंडाळावे, त्याच्यासारखे आवरण विकत मिळत नाही.

खोकी हवीतच तर किराणा दुकानातून, औषधाच्या दुकानातून आणा. त्याहून बरे म्हणजे भाजीचे कॅरेट. आपल्या मुरबाड-शहापूरची भेंडी ज्यांतून बाजारात जाते तेच. एकावर एक बसतात, फुटत नाहीत, पकडायला कान असतात, आणि भेंडीचा हंगाम संपला की शेतकऱ्याच्या पडवीत पडून असतात. चार दिवसांना मागून घ्या, धुऊन परत करा. गोणपाटाची बारदाने, तांदळाच्या पिशव्या, बुरडाच्या टोपल्या, सगळे चालते. तोंड शिवायला दाभण आणि सुतळी घ्या. चिकटपट्टी लावली की पुठ्ठा रद्दीत कमी भावाने जातो.

खोक्यांवर लिहायचा कंटाळा असेल, किंवा सामान उचलणाऱ्याला वाचता येत नसेल, तर रंगीत चिंध्या बांधा. लाल म्हणजे स्वयंपाकघर, हिरवी म्हणजे कपडे, पांढरी म्हणजे काच. काच कुठे आहे ते माहीत असले की ती फुटत नाही, आणि न फुटलेली बरणी हा सगळ्यात स्वस्त पर्यावरणाचा उपाय आहे.

बचत गटांसाठी इथे एक सुचवावेसे वाटते. गटाने तीस-चाळीस चांगल्या गोण्या, वीसेक कॅरेट, एक ताडपत्री, दोन जाड दोर आणि सामान ओढायची एक चाकाची पाटी एवढे जमवून ठेवले, आणि गावात-वाडीत घर हलवणाऱ्याला दिवसाच्या भाड्याने दिले, तर गटाला चार पैसे मिळतील आणि प्रत्येक घराची नवी खरेदी टळेल. मंडपवाला पातेली भाड्याने देतो, तसेच हे.

आता गाडी. हिशोबात ती लहान ठरली तरी ती फुकट वाचवता येत असेल तर का सोडा? आपल्याकडून भाजीच्या गाड्या रात्री कल्याण-वाशीला जातात आणि सकाळी रिकाम्या परततात. उलट भिवंडीच्या गोदामांतून, कल्याणहून किराणा आणि सिमेंट घेऊन आलेल्या गाड्या इथून रिकाम्या जातात. ज्यांना कल्याणहून गावी यायचे आहे त्यांनी भाजीच्या गाडीवाल्याला विचारावे, ज्यांना इथून तिकडे जायचे आहे त्यांनी सिमेंटच्या दुकानात विचारावे. भाडे कमी पडते आणि ती गाडी तशीही जाणारच असते. सिमेंटच्या गाडीत मात्र खाली ताडपत्री हवीच, नाहीतर गाद्यांचा रंग बदलेल.

टेम्पो ठरवणारे बहुतेक घरातले पुरुष असतात आणि सामान बांधणाऱ्या बायका. टेम्पो छोटा की मोठा हे बांधणारीला विचारून ठरवले, तर दुसरी खेप सहसा लागत नाही. हे आम्ही अनेक जणींच्या वतीने बोलत आहोत.

कोणाला काय द्यायचे

बांधायला बसण्याआधी पंधरा दिवस निवडायला बसा. शेवटच्या रात्री निवडले की सगळे कचऱ्यात जाते, कारण हात थकलेले असतात. कपडे बोहारणीला. सुती साड्या मात्र तिला देऊ नका, त्यांची गोधडी होते. कापसाची गादी चपटी झाली म्हणून फेकायची नसते, पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेतला की ती पुन्हा फुगते. फोमच्या गादीचे तसे होत नाही, एकदा बसली की बसली, हे पुढची गादी घेताना लक्षात ठेवा. पाठ्यपुस्तके शाळेत. लोखंड, पुठ्ठा, प्लास्टिकच्या बरण्या वेगवेगळ्या करून भंगारवाल्याला. वेगळ्या केल्या की तो जास्त भाव देतो, आणि वायरी द्यायच्या तर त्या जाळून तांबे काढू नका असे त्याला दारातच सांगा.

कणगीतले भात, डाळी, लोणची संपवत आणा. जे उरेल ते शेजारी. बियाणे मात्र न्यायचे. दुधी, पडवळ, दोडका, काकडीचे राखेत ठेवलेले बी बाजारात त्याच चवीचे मिळत नाही. नवी जागा इमारतीत असली तरी गॅलरीतल्या डब्यात वेल चढतो. तुळस आणि झाडांच्या कुंड्यांना निघायच्या आदल्या दिवशी पाणी घालू नका, ओल्या मातीने वजन वाढते आणि मुळे सैल होतात. दोन दिवस आधी घाला आणि टेम्पोत वारा लागू नये म्हणून गोणपाटाने झाका.

सोडून चाललेल्या खोलीत संडास-मोरी धुताना ॲसिडची बाटली रिकामी करण्याची पद्धत आहे. खाली सेप्टिक टाकी असेल तर तिथले मैला कुजवणारे जंतू त्यात मरतात आणि मागून येणाऱ्या भाडेकरूची टाकी तुंबते. सोडा, लिंबाची साले आणि खराटा पुरतो.

घरच उतरवायचे असेल तेव्हा

आपल्या दोन तालुक्यांत बिऱ्हाड हलते तेव्हा पुष्कळदा घरही हलते. बारवी धरणाची उंची वाढली तेव्हा मुरबाडच्या पाड्यांनी हे पाहिले. समृद्धी महामार्गासाठी शहापूर तालुक्यातल्या जमिनी गेल्या. त्या ७०१ किलोमीटर रस्त्याचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला खुला झाला. तारीख नेमकी पर्यावरण दिनाची निघाली, हा योगायोगच म्हणायचा. आणि कोणी हलवले नाही तरी घरकुल मंजूर झाले की जुने कुडाचे, कौलारू घर पाडले जाते.

जेसीबी लावला की दोन तासांत घर सपाट होते आणि सगळ्याचा राडारोडा होतो. माणसे लावून घर उतरवले तर चार-पाच दिवस जातात, पण खांब, तुळया, वासे, रिपा, दारे, खिडक्या, कौले सगळे हाती येते. मंगलोरी कौलांचा कारखाना १८६५ साली मंगळुरात निघाला. तेव्हापासूनच्या या कौलांची गंमत अशी की ती पिढ्यान्‌पिढ्या टिकतात आणि एका छपरावरून दुसऱ्यावर जातात. ती आडवी रचू नका, कडेवर उभी लावा, मधे पेंढा, आणि टेम्पोच्या तळाला गवताचा थर. जुने सागवान आज नव्याने विकत घेणे कोणाला परवडते? दारे-खिडक्या नव्या घराच्या मापाला आधीच सांगितल्या तर गवंडी त्याप्रमाणे चौकटी ठेवतो. भिंत उभी राहिल्यावर सांगून उपयोग नाही. सागवान गाडीत घालून दूर न्यायचे असेल तर आधी वनविभागाच्या कार्यालयात चौकशी करून कागद हातात ठेवा, वाटेत गाडी अडवली तर अडचण नको.

कारवीच्या कुडाला काहीच करावे लागत नाही. कारवी, माती, शेण, सगळे परसात खत होते. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मरते. जी तशीही वाळणार होती ती भिंत झाली आणि पुन्हा जमिनीत गेली. एवढे स्वच्छ हिशोबाचे घर सिमेंटात बांधता येत नाही.

छपरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर मात्र सावध. बहुतेकांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा फुटला, कापला की ते तंतू धुळीबरोबर छातीत जातात आणि वर्षानुवर्षांनी फुप्फुसाचे दुखणे देतात. पत्र्यांवर आधी पाणी मारा, बोल्ट सोडवून अख्खे खाली घ्या, वरून फेकू नका, पोरांना लांब ठेवा आणि तोंडाला फडके बांधा. फुटलेल्या तुकड्यांचा चुरा अंगणात पसरू नये.

विटा-मातीचा राडारोडा नव्या जोत्याच्या भरणीत जिरतो. गवंड्याला आधी सांगितले तर मुरमाच्या दोन खेपा वाचतात. ओढ्याच्या पात्रात टाकला तर पावसात पाणी वळते आणि खालच्याचे खाचर फुटते.

भट्टीवर जाणारी बिऱ्हाडे

दिवाळीनंतर आपल्या कातकरी वाड्यांवरून बिऱ्हाडे निघतात, भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर. तीन-चार घरांचा संसार एका टेम्पोत. तांदूळ, तवा, पातेली, गोधड्या, पाटीखाली कोंबड्या, कुत्रे, पोरे. मागे कचरा म्हणून चिमूटभरही राहत नाही. याला पर्यावरणप्रेम म्हणून मिरवायला आमचे मन घेत नाही. उचल घेतलेल्या घराकडे टाकायला काही नसते, एवढेच ते आहे. त्यांनी आणखी कमी वापरावे असे त्यांना सांगायला कोणीही जाऊ नये. या बिऱ्हाडांबद्दल करण्यासारखे आहे ते वेगळेच. निघण्यापूर्वी मुलांचे शिक्षण हमी कार्ड शाळेतून घ्यायला त्यांना मदत करा, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत मुलाला बसता येते. आणि रेशनकार्डावर दुसऱ्या गावीही धान्य उचलता येते, हे त्यांना सांगा.

कार्यालय हलते तेव्हा

ग्रामपंचायत नव्या इमारतीत जाते, पतपेढी गाळा बदलते, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतले एखादे ऑफिस हलते. तिथे घरापेक्षा वेगळी अडचण असते. घरात आई म्हणाली की वस्तू टाकता येते. सरकारी कार्यालयात मोडकी खुर्चीही जडवस्तू संग्रह नोंदवहीत असते. तिचे निर्लेखन झाल्याशिवाय ती हलवता येते, पण काढता येत नाही. म्हणून मोडक्या खुर्च्या नव्या इमारतीतही जातात आणि नव्या व्हरांड्यात गंजतात. हलण्याच्या सहा महिने आधी निर्लेखनाचा ठराव घ्या, लिलाव करा, दुरुस्त होईल ते अंगणवाडीला देता येते का ते पाहा. गावातल्या सुताराला दोन दिवसांचे कामही मिळेल.

कागदांचेही तसेच. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला आणि आठ तालुके तिकडे गेले, आपले शहापूर-मुरबाड ठाण्यातच राहिले. जिल्हा वेगळा होतो तेव्हा आधी दप्तर वेगळे करावे लागते. कोणता कागद कायम ठेवायचा, कोणता ठरावीक वर्षांनी नष्ट करायचा, याचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरलेले आहेत, आणि सार्वजनिक अभिलेखांसाठी २००५ चा राज्याचा कायदाही आहे. हे वर्ग हलण्याआधी लावले तर निम्मे ओझे इथेच कमी होते. रद्दी घालताना एक पाहायचे, अर्जांना जोडलेल्या आधारकार्डांच्या झेरॉक्स आणि पासबुकाच्या प्रती फाडूनच द्यायच्या. तसे न केल्यास आपल्याच गावच्या बाईच्या नावा-नंबरात भजी बांधून मिळतील.

संगणकातली माहिती पुसून, मगच तो नोंदणीकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा. एकट्या ग्रामपंचायतीसाठी कोणी गाडी घेऊन येत नाही. पाच-सहा ग्रामपंचायती, दोन शाळा आणि एक पतपेढी यांचा माल एकत्र केला तर येतात. पंचायत समितीच्या बैठकीत हा विषय काढायला सदस्य बायकांनी हरकत नाही.

नव्या जागी गेल्यावर पहिल्या आठवड्यात काही विकत घेऊ नका. आधी सामान लावून बघा. जे नाही असे वाटते ते दुसऱ्या गोणीत सापडते. पेंढा झटकून गोठ्यात नाहीतर खतात, पुठ्ठा सपाट करून कोरड्या जागी, कॅरेट धुऊन उन्हात वाळवून शेतकऱ्याला परत. भेंडीचा पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत ती पोहोचली पाहिजेत. आणि गोण्यांचा गठ्ठा, सुतळीत गुंडाळलेल्या दाभणासकट, ज्या मैत्रिणीचे अकरा महिने संपत आले आहेत तिच्याकडे.